लेखातली कमल

खमरिया, जबलपूर
९ नोव्हेंबर १९७१

चि. लतिकेस,

आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिला, मनातून निघालेला नाही, तेव्हा जपून वापर.

तुझा दादा बरा आहे. फॅक्टरीत काम वाढलं आहे, काय वाढलं ते लिहायचं नाही आणि मला कळतही नाही. मी बरी नाही, आणि त्याचं कारण तू आहेस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना वहिनीला एवढं काय झालं असा तुला प्रश्न पडायला नको.

मंडळाच्या वाचनालयाचे दिवाळी अंक या वर्षीही घरोघर फिरत आहेत. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत अंक आधी राधाबाईंकडे येतो, मग अंजनीकडे, मग माझ्याकडे. ही पाळी आजवर कधी मोडली नाही. या वेळी राधाबाई अंजनीचं दार ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "शैलजा, तुझ्या नणंदेचा लेख आला यात. फोटो पण आहे. वाचून घे, अन् मग मला सांग, अंजनीला देऊ का नको देऊ."

मी आधी फोटोच पाहिला. केस कापलेस. छान दिसतेस, तेही लिहून टाकते. नावाआधी डॉक्टर पाहून मला काय वाटलं ते लिहीत नाही, कारण त्यानंतर मी लेख वाचला.

'युद्ध आणि स्वयंपाकघर'. एका शस्त्रनगरीतल्या बायका. गाव म्हणजे 'नर्मदेकाठचं एक शहर', वसाहत म्हणजे 'ती वसाहत', आणि त्यात एक 'कमल'. कमलचा नवरा फॅक्टरीत. कमल हुशार, फटकळ, हातखर्चाला जपणारी. आणि मग कमलच्या तोंडचं तू अवतरणचिन्हात घातलंस: "लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं तेव्हा मला रडू कोसळलं. ओव्हरटाइम बंद होणार म्हणून. शेजारणीचा मुलगा चार दिवसांपूर्वीच गेला होता. तिला वाटलं मी त्याच्यासाठी रडते. मी तिला तसं वाटू दिलं."

शब्द न् शब्द माझा आहे. तुझ्या स्मरणशक्तीला मानलं. चुलीपुढे बसून, ज्वारीचं पीठ मळता मळता मी हे तुला बोलले, आपण दोघीच होतो. तू भाकरी थापायला शिकत होतीस आणि तुझी प्रत्येक भाकरी तुटत होती. मला वाटलं मी माझ्या नणंदेशी बोलते आहे.

नाव बदललंस, दादाचं खातं बदललंस, माहेर आर्वीचं अमरावती केलंस. चांगलं केलंस. पण तू इथे होतीस त्या वर्षीच्या संक्रांतीचं माझं वाण तू तसंच ठेवलंस! 'कमलने भेडाघाटच्या दगडाचे पेपरवेट लुटले. ज्या घरांत कागदच नव्हते, तिथे बायकांनी ते दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर ठेवले, मांजराने दूध पिऊ नये म्हणून.' पुण्यातल्या लोकांना गंमत वाटली असेल. लतिका, कोणत्या वर्षी कोणी काय लुटलं हे बायका विसरतात का गं? कोणी साबणदाणी दिली, कोणी हलक्या पत्र्याची गाळणी दिली, हे मरेपर्यंत लक्षात राहतं. तुझी आई असती तर तिने तुला सांगितलं असतं. अख्ख्या लाइनीत आजही त्या दगडाखालीच दूध असतं. राधाबाईंनी तो परिच्छेद वाचला आणि मान वर करून समोरच्या माझ्या ओट्याकडे पाहिलं, बस, एवढंच त्यांना करावं लागलं.

लेखातल्या त्या शेजारणीने, अंजनीने, अजून वाचलेलं नाही. राधाबाई अंक फार दिवस दाबून ठेवणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे.

माझं तुझ्याकडे एकच मागणं आहे. मला दाखवता येईल असं एक पत्र पाठव. लिही, की कमल ही एक बाई नाही, चार गावच्या दहा बायकांचं मिळून बनवलेलं पात्र आहे, रडणारी बाई कानपूरकडची, पेपरवेटवाली फक्त आमच्याकडची. खोटं आहे, पण शास्त्रातलं वाटेल. लवकर पाठव. माझ्याकडे अंजनीशिवाय कोणी नाही, हे तू तुझ्या लेखात लिहिलेलंच आहेस.

वहिनी


खमरिया
२६ नोव्हेंबर १९७१

लतिकेस,

तुझं पत्र पोचलं. अक्षर पूर्वीपेक्षा बरं झालं आहे, मजकूर नाही.

'कमल कोण हे सांगणं किंवा नाकारणं, दोन्ही माझ्या शिस्तीत बसत नाही. माहिती देणाऱ्या व्यक्तीची गोपनीयता राखणं हे माझं पहिलं कर्तव्य आहे.' हे तू कोणाला लिहिते आहेस? मलाच! माझी गोपनीयता माझ्यापासून राखून ठेवते आहेस. दादाला वाचून दाखवलं तर तो बराच वेळ हसला, मग त्याला खोकला आला.

आणि खाली ते एक वाक्य: 'वहिनी, लेखाचे पडसाद वसाहतीत कसे उमटले, बायका काय बोलतात, हे सविस्तर कळवशील का? संशोधनाच्या दृष्टीने ते मोलाचं ठरेल.' मी ते दोनदा वाचलं. जखम कशी आहे हे विचारायला सुरीच आली, असं वाटलं मला.

तर कळवते. घे लिहून.

तुझे छापील फॉर्म घेऊन तू आलीस ती थंडी मला आठवते. साठेक प्रश्न, चौकटीत खूण करायची. 'युद्धाविषयी आपलं मत काय?' सगळ्या बायकांनी सांगितलं, देशासाठी काहीही सोसू. राधाबाईंनी तर विचारलं, "बाई, तुला काय पाहिजे ते सांग ना, तेच लिहून टाकू." तू संध्याकाळी फॉर्मांचा गठ्ठा समोर घेऊन रडवेली बसली होतीस. सगळे सारखेच निघाले म्हणून. मग पुण्याहून तुझ्या सरांचं पत्र आलं. फॉर्म बाजूला ठेव, प्रश्न विचारू नकोस, त्यांच्यात राहा, त्यांची कामं कर, ऐक. ही नवी पद्धत आहे म्हणालीस. मला हसू आलं होतं. बाई बाईशेजारी बसून डाळ निवडते आणि ऐकते, याला पद्धत म्हणतात, त्याची पदवी मिळते, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं?

ऐकलेलं विसरू नये म्हणून तू दर थोड्या वेळाने न्हाणीत जाऊन लिहीत होतीस. आम्हाला वाटलं तुझं पोट बिघडलं आहे. अंजनीने तीन दिवस तुला ओवा आणि काळं मीठ आणून दिलं. बेलाचा मुरंबा दिला, तिच्या घरचा शेवटचा. तू तो खाल्लास, आणि पुन्हा न्हाणीत गेलीस. हे मला कधी कळलं? आत्ता, तुझ्या लेखाच्या टिपेत, पद्धतीविषयी लिहिलं आहेस तिथे. मुरंब्याचं मात्र नाही लिहिलंस.

तेव्हा तू घरी आलेली होतीस की नोकरीवर होतीस, एवढं मला सांग. पापड लाटताना गाणं म्हणालीस, ते आमच्याबरोबर म्हणत होतीस की आमच्यावर?

अंजनीने लेख वाचला. राधाबाईंनी मागच्या सोमवारी अंक तिला दिला. मंगळवारी ती माझ्या दारात आली, अंक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे. तुझी पाळी." मी म्हटलं, "अंजनी, बस ना, चहा ठेवते." ती म्हणाली, "आत्ताच घेतला." आणि गेली. तिने चहा घेतला नव्हता. भिंतीपलीकडे तिचा स्टोव्ह पेटला की मला ऐकू येतं.

आपली आणि तिची भिंत एकच. तिच्याकडे चहा झाला की ती लाटण्याने दोनदा ठोकायची, माझ्याकडे झाला की मी. तिचा अच्युत लढाईत गेला त्या वर्षीसुद्धा हे बंद पडलं नव्हतं. आता बंद आहे. भांडण नाही, बोलाचाली नाही. नळावर भेटली तर बादली बाजूला करून जागा देते. भांडली असती तर मी पाय धरले असते.

'बायका काय बोलतात' विचारतेस ना? माझ्यासमोर त्या काहीच बोलत नाहीत. मी गेले की गप्प होतात, आणि मग सगळ्या एकदम डाळ निवडायला लागतात.

वहिनी


खमरिया
८ डिसेंबर १९७१

लतिका,

लढाई लागली. रेडिओ अंजनीकडे आहे. पूर्वी सगळी लाइन तिथे बातम्या ऐकायला जमायची, मीही. आता मी ओट्यावर झाडू मारण्याचं निमित्त काढून ऐकते.

काचांना काळे कागद लावायचे हुकूम आले आहेत. पासष्टला तिच्या आणि माझ्या खिडक्यांना आम्ही दोघींनी मिळून खळ लावली होती. तिची उंची कमी, मी स्टुलावर चढायची, ती खालून कागद द्यायची. काल तिने एकटीने लावले. स्टूल सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी धावत दारापर्यंत गेले, आणि तिथेच उभी राहिले. विष्णूभाऊजी आतून म्हणत होते, "काहून एकटी चढून राहिली? शैलजाला बोलव ना." त्यावर ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

तुझ्या दादाला ओव्हरटाइम लागला आहे. घरी येतो, जेवता जेवता झोपतो. आणि मी एकटी बसून तुझा लेख पुन्हा वाचते, कारण घरात वाचायला दुसरं काही नाही. तुझं ते पुढचं वाक्य मला पाठ झालं आहे: 'सामूहिक शोकाच्या आड कमलसारख्या स्त्रियांच्या खाजगी आर्थिक आकांक्षा लपलेल्या होत्या. पंखा, रेडिओ, नवी भांडी.'

पंखा!

लतिका, पासष्ट साली या घरात पंखा नव्हता. एकोणसत्तरपर्यंत नव्हता. रेडिओ तर आजही नाही, मी झाडू हातात धरून शेजारचा ऐकते हे आत्ताच लिहिलं. तू आमच्यात राहिलीस, छताकडे एकदाही पाहिलं नाहीस का गं? ओव्हरटाइम कशाला लागत होता ते तुला कमलने सांगितलं नाही. बरोबर आहे. आणि तू विचारलं नाहीस, कारण नव्या पद्धतीत विचारायचं नसतं. जुन्या फॉर्मात होता तो प्रश्न. 'जादा उत्पन्न प्रामुख्याने कशावर खर्च होते?' मला घरची म्हणून तू तो दिलाच नाहीस, दिला असता तर मी तिथेही भांडी म्हणूनच खूण केली असती, पण निदान तू विचारलं तरी असतंस.

मग आता मीच सांगते. बाबांच्या फंडातून तुझं शिक्षण होतं आहे असं तुला सांगितलं होतं. फंड तुझ्या पहिल्याच वर्षात संपला. पुण्याचं वसतिगृह, खाणावळ, तुझी ती जाड इंग्रजी पुस्तकं, हे सगळं त्या ओव्हरटाइमवर चाललं होतं. तुला सांगायचं नाही असं दादाचं आणि माझं ठरलं होतं. तू बिनआईबापाची, तुला मिंधं वाटू नये. लढाई थांबली तेव्हा तुझं अर्धं वर्ष बाकी होतं. मला पहिला विचार तुझा आला. आता लतिकेला परत बोलवावं लागणार. म्हणून मी रडले, झालं समाधान?

आणि त्याच वेळी अच्युतसाठीही रडले. तो माझ्या ओट्यावर रांगलेला मुलगा. चुलीपुढे तुला मी एवढंच सांगितलं की ओव्हरटाइमसाठी रडले, कारण दुसरं रडणं सांगायचं असतं हेच मला सुचलं नाही. ते तर होतंच. रडताना माणूस वाटण्या करतं का? ही वाटणी तू केलीस, आणि माझ्या वाट्याला एवढंच दिलंस.

आता तू अंजनीला लिही. खोटं नको, हे खरं लिही. ती माझ्या तोंडून ऐकायला तयार नाही. तुझ्याकडून आलेलं तरी वाचेल. जानेवारीअखेर विष्णूभाऊजी रिटायर होतात, क्वार्टर सोडून ते दोघं वर्ध्याकडे गावी जाणार. त्याआधी लिही. ती अशीच गेली तर मी काय करू ते मला माहीत नाही.

वहिनी


खमरिया
१९ डिसेंबर १९७१

लतिका,

तुझं पत्र नाही. कदाचित वाटेत असेल, कदाचित तू माझ्या मागच्या पत्रावर टिपण काढत बसली असशील.

लढाई संपली. परवा बातमी आली तेव्हा लाइनीत फटाके वाजले, गढ्याहून कोणी पेढे आणले, सगळ्या बायका बाहेर आल्या. जिंकलो म्हणून हिंदीत, बंगालीत, मराठीत आरडाओरडा चालला होता. माझ्या हातातही कोणी पेढा ठेवला. आणि मग मला जाणवलं की बायका माझ्या तोंडाकडे पाहत आहेत. चोरून नाही, उघड. लढाई थांबली, आता शैलजा रडते का ते बघायला.

मला रडू येत नव्हतं. मी प्रयत्न केला, खरंच सांगते. मग वाटलं, रडले तर म्हणतील ओव्हरटाइमसाठी, नाही रडले तर म्हणतील बघा, कशी कोरडी आहे. मी पेढा हातात धरून तशीच उभी राहिले. हे तुझ्या शास्त्राने केलं, लतिका. मला माझ्या डोळ्यांची लाज वाटायला लागली आहे.

अंजनी तिच्या ओट्यावर उभी होती. मी सगळ्यांसमोर तिच्याकडे गेले. म्हटलं, "अंजनी, आज तरी बोल. तो ओव्हरटाइम माझ्यासाठी नव्हता गं. लतिकेच्या फीसाठी होता."

ती म्हणाली, "अच्छा! मला काय ते माहीत नाही? मनीऑर्डर करायला पोस्टात कोण येत होतं तुझ्यासंग? मीच तर येत होती."

मला वाटलं होतं ते सांगितलं की सगळं सुटेल.

"मग काहून बोलत नाहीस माझ्याशी?"

ती आत गेली. मीही तिच्या मागे गेले. तिने दार लोटलं, खुर्चीवर बसली, मला बस म्हणाली नाही. म्हणाली, "शैलजा, अच्युतची बातमी आली तेव्हा त्याचे बाबा पण रडले नाही माझ्यासमोर. फॅक्टरीत जाऊन राहिले, येऊन राहिले. लढाई थांबली त्या दिवशी तू एकटी रडली. गळ्यात पडून रडली. मी इतकी वर्षं मनात धरून होती, की माझ्या पोरासाठी या दुनियेत आणखी एक बाई रडली. तेवढ्यावर मी चालून राहिली होती ना. आता मला सांग, त्यातलं अच्युतचं किती होतं?"

मी म्हटलं, "सगळं."

"खोटं नको बोलू. तिला खरं बोलली, अन् मला खोटं बोलते?"

मी म्हटलं, "दोन्हीसाठी रडले गं. खरंच दोन्हीसाठी."

ती म्हणाली, "असंन. पण तिथं एकच छापलं."

मी घरी आले. पेढा तसाच हातात होता, तो कोणाला द्यायचा ते सुचेना, शेवटी मीच खाल्ला.

तू तिला लिही. काय लिहायचं ते आता मला सांगता येत नाही. तू शिकलेली आहेस, माणसांचं ऐकायची पदवी घेतली आहेस. बघ काही सुचतं का.

वहिनी


खमरिया
१८ जानेवारी १९७२

लतिका,

या वर्षी मी हळदीकुंकू केलं नाही. दादा म्हणाला कर, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांचं म्हणून झालं आहे, छापूनही आलं आहे.

तुझं अंजनीला पाठवलेलं पत्र तिला काल मिळालं. तू मला काहीच कळवलं नाहीस. मला कळलं ते ती आज दुपारी स्वतः माझ्याकडे आली तेव्हा. इतक्या दिवसांनी तिने माझा उंबरा ओलांडला, मी उभीच राहिले, हातातलं पातेलं खाली ठेवायचंही सुचलं नाही. ती म्हणाली, "बस, तुझ्या नणंदेचं पत्र वाचून दाखवते."

मला वाटलं तू माझ्यासाठी लिहिलं असशील. वेडी मी.

तू लिहिलंस, 'अंजनीकाकू, मी कमलचं रडणं लिहिलं, तुमचं लिहिलं नाही. त्या थंडीत मी सगळ्यांच्या घरी बसले, तुमच्याकडे नाही. तुमचा मुलगा गेलेला, मला भीती वाटली. चूक झाली. अच्युत कसा होता ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. तुम्ही ये म्हणालात तर येईन. नको म्हणालात तर पुन्हा लिहिणार नाही.' माझ्याबद्दल एक ओळ: 'वहिनीवर राग धरू नका.' पोस्टकार्डावर शेवटी जागा उरली की लिहितात तशी.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "अंजनी, तिला येऊ देऊ नकोस! माझं छापलं, आता तुझं छापेल. तुझ्या पोराचे लेख होतील, पुण्यात चहा पिता पिता लोक वाचतील. फाड ते पत्र."

अंजनीने पत्र नीट घडी घालून पदराखाली ठेवलं. मग म्हणाली, "छापू दे ना."

"वेड लागलं का तुला?"

"अच्युत गेला तेव्हा तुम्ही सगळ्या आल्या," ती म्हणाली. "पोळ्या करून दिल्या, पाणी भरून दिलं, मी नाही नाही म्हणत नाही. पण त्याचं नाव कोणी काढलं का, सांग. तू काढलं? मी बोलायला तोंड उघडलं की तू म्हणायची, 'जाऊ दे अंजनी, नको आठवू, त्रास होते.' काहून नको आठवू? दुसरं काय काम होतं मला? तो गढ्याच्या बाजारातून मांजा आणून मदन महलच्या टेकडीवर पतंग उडवत होता, अन् खाली येताना पडून गुडघे फोडून घेत होता, हे मी कोणाला सांगू? त्याला भोपळा आवडत नव्हता. भरती झाल्यावर पत्रात लिहिलं, आई, इथं रोज भोपळाच आहे. हे कोणी विचारलं मला? इतक्या वर्षांत ही पहिली पोरगी, जी म्हणून राहिली की कसा होता ते सांग. सीधी बात है, मी सांगणार."

लतिका, मला तो भोपळा माहीत नव्हता. भिंतीला भिंत लावून राहते आहे, आणि मला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं नाव न काढणं म्हणजे माया. सगळ्या लाइनीला तसंच वाटायचं.

मी खाली तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मला सांग ना. लतिका येईल तेव्हा येईल. मी आत्ता ऐकते, तुला पाहिजे तेवढं सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं होतं.

"तू ऐकशील गं," ती म्हणाली. "पण तू रडशील. अन् मग मी माझं सांगायचं सोडून पाहत बसेन, की आता कशासाठी रडून राहिली."

मी उठून कागद आणि पेन घेतलं.

म्हणून हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहिते आहे, तिच्यासमोर बसून. तिचं सामान बांधून होत आलं आहे, एकतीस तारखेच्या गाडीने ते जाणार. त्याआधी ये. फॉर्म आणू नकोस. तिच्या न्हाणीत जाऊन लिहू नकोस, तिच्यासमोर वही उघडून लिही, तिला चालतं. मध्ये थांबली तर दुसरं काही विचारू नकोस, ती पुन्हा बोलेपर्यंत बस. हे मी नाही, तीच सांगते आहे.

आणि तिची एक अट आहे. गावाचं नाव बदल, फॅक्टरीचं बदल, तिचं बदल, विष्णूभाऊजींचं बदल. माझं तर बदललेलंच आहे. अच्युतचं नाव बदलायचं नाही. लेखात तो अच्युतच राहिला पाहिजे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जितक्या वेळा येईल तितक्या वेळा. हे कबूल असेल तरच गाडीत बस.

इटारसीला गाडी बदलावी लागेल. स्टेशनवर दादा येईल. उतरायची सोय अंजनीकडे केली आहे, गादी मी पाठवली आहे. ती अच्युतचं सांगेल तेव्हा मी तिथे नसेन, तसं तिने मला सांगितलं आहे.

शैलजा